दोन चाकं भावाची, तिसरं बहिणीचं

भाऊसाहेबांना एका सीटची मोटारसायकल हवी होती. जुनी चालेल, आवाज करणारी चालेल, धूर सोडणारीसुद्धा चालेल. पण सीट एकच हवी. ही अट त्यांनी घरी सांगितली तेव्हा बायकोने वर्तमानपत्रातून डोकं वर काढून एवढंच विचारलं, "एकच का?"

"जुन्या गाड्यांचा घाटच तसा असतो," भाऊसाहेब म्हणाले. "सौंदर्य असतं त्यात."

हे धादांत खोटं होतं. खरं कारण खाली पार्किंगमध्ये उभं होतं. भाऊसाहेबांच्या स्कूटरला मागे चांगली लांब, ऐसपैस सीट होती आणि त्या सीटवर भाऊसाहेबांची सत्ता कधीचीच उरली नव्हती. सकाळी ऑफिसला निघावं तर जिन्यात वरचे काका टोपी घालून तयार. "तुम्ही त्याच बाजूला जाताय ना?" काकांची बँक पूर्वेला, काकांचा डॉक्टर पश्चिमेला आणि काकांचा मित्र नदीपलीकडे, पण भाऊसाहेब ज्या बाजूला निघतील ती बाजू काकांना 'त्याच' असे. संध्याकाळी बाजाराच्या तोंडाशी समोरच्या मावशी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभ्या असत आणि घर येईपर्यंत आपल्या डाव्या गुडघ्याचा इतिहास सांगत. उजव्या गुडघ्याचा दुसऱ्या दिवशी. राहिली बायको. तिचा हक्कच होता, आणि ती बिचारी मागे बसून चकार शब्द काढत नसे. दिवसभर वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसून गावाचं ऐकून घेतल्यावर तिचे कान आणि तोंड दोन्ही संपावर जात.

भाऊसाहेब स्वतः वजनमापं तपासण्याच्या खात्यात होते. दुकानादुकानांत जाऊन तराजूचा काटा बघायचा, माप खरं असलं तर शिक्का मारायचा, नसलं तर जप्त करायचं. अशा नोकरीत माणसाला एक सवय लागते. समोरच्या वस्तूचं खरं वजन किती आणि पारड्याला चिकटलेला मळ किती, हे तो सारखं वेगळं करत बसतो. आपल्या आयुष्यातला मळ वजा केला तर नेमकं काय उरतं, हे एकदा बघावं अशी भाऊसाहेबांची इच्छा होती. म्हणजे फार मोठं काही नाही. एकदा, फक्त एकदा, कोणालाही कुठेही न सोडता रस्त्याने सरळ जायचं.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही.

"जुनी गाडी घेताना आधी मालक बघावा," वरचे काका म्हणाले. काकांना स्वतःला सायकलसुद्धा येत नव्हती, त्यामुळे त्यांचा सल्ला अनुभवाने कुठेही डागाळलेला नव्हता. "मालक नखं खात असला तर घेऊ नका. इंजिनालाही सवय लागते."

"मी म्हणते, रंग कुठलाही बघा," समोरच्या मावशी म्हणाल्या, "पण मागची सीट मऊ बघा हो. माझा गुडघा..."

"मागे सीट नाहीये, मावशी."

मावशींनी पिशवी खाली ठेवली. "नाहीये म्हणजे? मग आम्ही बसायचं कुठे?"

या प्रश्नाला जे उत्तर होतं ते तोंडावर देण्याइतका भाऊसाहेबांचा स्वभाव धारदार नव्हता. ते नुसते हसले. मावशींनी त्याचा अर्थ 'बघू काहीतरी' असा घेतला.

मोटारसायकल मिळाली ती एका दातांच्या डॉक्टरांकडे. दवाखान्यात पाहुण्यांसाठी वेगळी खुर्ची नव्हती, म्हणून डॉक्टरांनी भाऊसाहेबांना पेशंटच्याच खुर्चीत बसवलं, पायाने दाबून ती आडवी केली आणि डोक्यावरचा दिवा लावला.

"गाडी का विकताय, डॉक्टर?"

"पाठ," डॉक्टर म्हणाले. "आ करा."

"मी गाडीसाठी आलोय."

"ते कळलं हो. आलाच आहात तर बघून घेतो. आ."

आडव्या माणसाच्या तोंडावर दिवा धरला की तो विचार करत नाही, तोंड उघडतो. पुढची सगळी बोलणी याच अवस्थेत झाली. डॉक्टर किंमत सांगत आणि आरसा आत घालत. भाऊसाहेब "आं" म्हणत. डॉक्टर त्याला होकार समजत. शहाणी माणसं व्यवहार करताना तोंड बंद ठेवतात. भाऊसाहेबांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार तोंड उघडं ठेवून केला आणि वर "मागची दाढ सांभाळा" हा सल्ला फुकट घेऊन उठले.

गाडी मात्र बघताक्षणी जीव जडावा अशी होती. काळीभोर. पेट्रोलची टाकी पागोळीच्या थेंबासारखी. आणि मधोमध, स्प्रिंगांवर तोललेली, चामड्याची, एकच एक सीट. भाऊसाहेब तिच्याभोवती फिरले. डाव्या अंगाला चौकटीतून लोखंडी खुंट्यांसारखं काहीतरी बाहेर आलं होतं.

"या खुंट्या कसल्या?"

"त्या अशाच आहेत," असं म्हणून डॉक्टर हात धुवायला आत गेले ते पाच मिनिटं बाहेर आले नाहीत.

गाडी चालू करण्याचा विधी डॉक्टरांनी नीट समजावून दिला होता. आधी हँडलजवळची एक बारीक दांडी दाबायची, किक हलकेच खाली न्यायची, दिव्याजवळच्या छोट्या डायलमधला काटा मध्यावर आला की दांडी सोडायची आणि मग मनापासून लाथ मारायची. दुसऱ्या कोणाला यात अडचण आली नसती. भाऊसाहेबांना आली, कारण त्यात काटा होता. काटा स्थिर झाल्याशिवाय वाचन घ्यायचं नाही, हे त्यांच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. आणि हा काटा काही केल्या स्थिर होईना. तो मध्यावर येई, थरथरे, जरासा डावीकडे झुके. भाऊसाहेब एका पायावर उभे राहून तो थांबायची वाट बघत. पार्किंगमध्ये तो सगळा रविवार ते असे बगळ्यासारखे उभे होते.

"लाथ मारा की हो!" वरच्या गॅलरीतून काका ओरडले.

"काटा हलतोय!"

"हलू दे! तुम्हाला काय साखर मोजायचीय?"

शेवटी भाऊसाहेबांनी हलत्या काट्यावर किक मारली, ती उलटून त्यांच्या नडगीवर बसली. तेवढ्यात बायको कचऱ्याची बादली रिकामी करून परत येत होती. तिने बादली खाली ठेवली, काट्याकडे ढुंकूनही न बघता पाय दिला आणि गाडी धडधडायला लागली. "पाणी गेलंय, वर या लवकर," असं म्हणून ती बादली घेऊन गेली. म्हणजे तसं म्हणाली असावी. इंजिनाच्या आवाजात भाऊसाहेबांना फक्त ओठ हललेले दिसले.

आता गाडी नावावर करणं एवढंच बाकी होतं.

वाहन नोंदणीच्या कार्यालयात खिडकीमागे एक कारकून बसले होते. त्यांनी जुनी नोंद काढली, कागद बघितले, मग खिडकीतून मान बाहेर काढून अंगणात उभी असलेली गाडी बघितली आणि मान परत आत घेतली.

"तिसरं कुठंय?"

"तिसरं काय?"

"चाक. नोंदीत तीन चाकं आहेत. मोटारसायकल, साइडकारसह. तुम्ही दोनच आणलीत."

"दोनच आहेत."

"हरवलं का? पोलिसांत कळवलंत?"

"हरवलं नाही. ते नव्हतंच."

"नव्हतं कसं? इथं आहे ना." कारकुनांनी नोंदीवर बोट ठेवलं. "इथं आहे म्हणजे आहे. तुम्ही आणलं नाही, एवढंच."

भाऊसाहेबांनी स्वतःही सरकारी नोकर असल्याचा सूर लावून बघितला. "साहेब, मीही शासनाचाच माणूस आहे. असं बघा, एखाद्या माणसाचं बोट तुटलं तरी माणूस तोच राहतो की नाही?"

"माणसांची नोंदणी आमच्याकडे होत नाही," कारकून म्हणाले. "शेजारच्या इमारतीत विचारा."

"बरं, साइडकार काढून टाकल्याची नोंद करता येईल?"

"येईल की! त्यासाठीच बसलोय." भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. "गाडी साइडकारसह हजर करा, साहेब तपासतील, चालवून बघतील, पास झाली की तुमच्या नावावर करू. मग काढायला अर्ज करा."

"म्हणजे काढण्यासाठी आधी लावू?"

"नसलेली वस्तू काढणार कशी?" कारकुनांनी इतक्या सरळपणे विचारलं की भाऊसाहेबांना, आयुष्यभर तर्कशुद्ध वागलेल्या माणसाला, क्षणभर त्यांचं म्हणणं पटलं. खरंच की. रिकाम्या पारड्यातून काय काढणार?

ते तसेच डॉक्टरांकडे गेले. या वेळी मात्र उभेच राहिले.

डॉक्टरांनी हातमोजे काढले, खिडकी लावली आणि खालच्या आवाजात हकिगत सांगितली. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील गेले तेव्हा घर विकून दोघा भावंडांनी अर्धं अर्धं केलं, भांडी मोजून घेतली, रजया मोजून घेतल्या. अडलं ते या गाडीवर. बहीण म्हणाली, बाबा मला साइडकारमध्ये बसवून शाळेत सोडायचे, गाडी माझी. भाऊ म्हणाला, चालवायला मला शिकवली, गाडी माझी. मध्यस्थाने पाना आणला आणि वाटणी केली. दोन चाकं भावाला, तिसरं बहिणीला.

"आणि तेव्हापासून बोलणं नाही," डॉक्टर म्हणाले.

"कुठे असतात त्या?"

डॉक्टरांनी खिडकीकडे बोट केलं. समोरच्या फुटपाथवर फोटो स्टुडिओ होता.

स्टुडिओवाल्या ताई तिपाईवर कॅमेरा लावून उभ्या होत्या. समोर पडद्यावर रंगवलेलं आकाश, आणि आकाशात एक विमान. विमान निळं होतं, त्याला प्लायवूडचे दोन पंख होते, नाकावर फिरणारा पंखा होता, अंगावर दोन पांढरे ढग काढले होते आणि आत एक टोपी घातलेलं बाळ भोकाड पसरून बसलं होतं. पंखांच्या खालून एक चाक दिसत होतं. भाऊसाहेबांनी ते चाक ओळखलं. त्यांच्या गाडीच्या दोन चाकांचं ते सख्खं भावंड होतं.

"त्याने पाठवलंय?" बाळ गेल्यावर ताईंनी विचारलं.

"नाही, मी माझ्यासाठीच—"

"त्याला म्हणावं, स्वतः ये. रस्ता ओलांडून ये. एवढंच म्हणावं."

भाऊसाहेबांनी रस्ता ओलांडला. डॉक्टर म्हणाले, "तिला म्हणावं, रस्ता तिच्या बाजूनेही ओलांडता येतो." भाऊसाहेब परत गेले. ताई म्हणाल्या, "त्याला म्हणावं, लहानपणी कुल्फी चोखून आधी स्वतःचे दात किडवलेस, ते विसरू नको." हा निरोप पोचवावा की नाही याचा विचार करत भाऊसाहेब दुभाजकावर थांबले. दोन्हीकडून वाहनं जात होती. शासकीय सेवेत इतकी वर्षं काढलेला माणूस दुभाजकावर उभा राहून कुल्फीचा विचार करतोय, ही गोष्ट ऑफिसात कळली तर काय होईल, असंही त्यांच्या मनात आलं.

शेवटी ताईंनीच तोडगा काढला. "विमान नेलंत तर माझी पोरं बसवू कशात? त्याच्या जागी बसण्यासारखं काही आणून द्या. मग न्या."

"कसलं?"

"काहीही. पोराला चढावंसं वाटलं पाहिजे."

भाऊसाहेबांच्या संग्रही कोणालाही चढावंसं वाटेल अशी एकच वस्तू होती, आणि त्याचा पुरावा रोज सकाळी जिन्यात टोपी घालून उभा असे. त्यांनी स्कूटर स्टुडिओत नेऊन उभी केली. तात्पुरती, असं ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात विचारायला गेले तेव्हा स्कूटरला झिरमिळ्या लागल्या होत्या, आरशाला फुगे बांधले होते, आणि बाहेर आया पोरांना घेऊन रांगेत उभ्या होत्या. "पोरं रडतच नाहीत हो हिच्यावर," ताई म्हणाल्या. "विमान ठेवा तुमच्याकडेच."

अशा रीतीने भाऊसाहेबांची स्कूटर गेली आणि इमारतीत हाहाकार माजला.

हाहाकार ओसरला तो साइडकार आल्यावर. टेम्पोतून ते निळं विमान उतरताना सगळे खाली जमले. मावशींनी आत हात घालून गादी दाबली.

"मऊ आहे!" त्यांनी जाहीर केलं. "पाठ टेकायलाही आहे. भाऊसाहेब, मनावर घेतलंत हो तुम्ही माझं."

"आणि ऊन लागू नये म्हणून वरती छत्री बसवता येईल," काका म्हणाले. "मी इथं पुढे वर्तमानपत्र ठेवत जाईन. सोमवार-बुधवार मी, मंगळवार-शुक्रवार मावशी."

"ही साइडकार कायमची नाहीये," भाऊसाहेब म्हणाले. "काढण्यासाठी लावतोय."

"असं कोणी करतं का?" काका म्हणाले, आणि या एका वाक्यात मात्र काकांचं चूक म्हणता येत नव्हतं.

गॅरेजवाल्याने साइडकार जोडली. हा गृहस्थ बोलघेवडा. प्रत्येक बोल्टाला एक सुविचार. पंख त्याने कापून काढले, पण नाकावरचा पंखा गंजून घट्ट बसला होता. "राहू दे," तो म्हणाला, "इंजिनाला तेवढीच हवा." इंजिन तिथे नव्हतं, पण भाऊसाहेबांनी पदार्थविज्ञानाचा विषय काढला नाही, कारण त्यांना स्वतःलाच त्या विषयाने घेरलं होतं.

दोन चाकांची गाडी वळवायची म्हणजे झुकवायची असते. शरीर आपोआप कलतं, गाडी कलते, रस्ता वळतो. साइडकार लागलेली गाडी झुकत नाही. तिला बैलगाडीसारखं हँडल धरून ओढून वळवावं लागतं. शिवाय वेग घेतला की ती साइडकारकडे ओढते आणि ब्रेक लावला की उलट बाजूला फिरते. हे सगळं भाऊसाहेबांनी आदल्या दिवशी वाचलं होतं, कागदावर बाणही काढले होते. मैदानात प्रत्यक्ष गाडीवर बसल्यावर बाण मनात राहिले आणि अंग सवयीने कललं. भाऊसाहेब डावीकडे झुकले. गाडी सरळ गेली. आणखी झुकले; गाडी आणखी सरळ गेली. लांबून बघणाऱ्याला एक माणूस गाडीवरून उतरायचा प्रयत्न करतोय आणि गाडी त्याला उतरू देत नाहीये, असं वाटलं असतं. मग एकदाचं त्यांनी हँडल ओढलं, तर साइडकार रिकामी असल्यामुळे तिचं चाक हवेत उठलं आणि नाकावरचा पंखा भिरभिरायला लागला. ताईंकडच्या इतक्या वर्षांत त्या विमानाने पहिल्यांदाच जमीन सोडली.

"आत वजन पाहिजे!" गॅरेजवाला धावत आला. "मोकळी चालवायची नसते ही. माणूस तरी बसवा, नाहीतर पोतं."

भाऊसाहेबांना पोतं मनापासून आवडलं. पोत्याला गुडघे नसतात, बँक नसते. पण तपासणीला पोतं चालेल का, याची खात्री नव्हती; म्हणून रजा काढून बायको आत बसली. तिच्या वजनाने गाडी जमिनीला राहिली, वळायची मात्र तेव्हाच जेव्हा गाडीच्या स्वतःच्या मनात येई. मैदानाच्या कडेचं एकच झाड भाऊसाहेबांनी वेगवेगळ्या दिशांनी गाठलं.

"वहिनी, तुम्ही बघा बरं एकदा," गॅरेजवाला सहज म्हणाला. "ज्यांना मोटारसायकल येत नाही ना, त्यांना ही लवकर येते. डोक्यात काही भरलेलं नसतं."

"मला स्कूटर येते," बायको म्हणाली. ते खरं होतं. लायसन्स तिच्याकडे लग्नाआधीपासून होतं; फक्त घरात वाहन एकच असल्यामुळे लग्नानंतर ते ओळखपत्र म्हणूनच वापरात होतं. तिने भाऊसाहेबांना आत बसवलं, मैदानाला एक फेरी मारली, आठचा आकडा काढला आणि झाडापासून लांब थांबली.

"मैदान आता जरा वाळलंय," भाऊसाहेब उतरताना म्हणाले. "घर्षण वाढलं."

बायकोने हँडल अजून सोडलं नव्हतं. तिची नजर मैदानापलीकडच्या रस्त्यावर होती.

तपासणीच्या दिवशी बायकोला आत बसवून, भल्या पहाटे, रिकाम्या रस्त्यांनी, शक्य तिथे सरळ जात भाऊसाहेब कार्यालयात पोचले. कार्यालय उघडल्यावर साहेब अंगणात आले. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल, चालण्यात खात्याचं गांभीर्य. त्यांनी चाकं मोजली. तीन भरली. मग पंख्याला बोट लावून तो फिरवला.

"हे काय?"

"पंखा."

"नोंदीत नाही."

"निघत नाहीये, साहेब."

"आणि हे ढग?"

"ते... रंगकाम आहे."

साहेबांनी ढगांकडे बराच वेळ बघितलं. त्यांना ढगांबद्दल कुठलाच नियम आठवला नाही, आणि नियम नसला की ते सही करत. "चला, चालवून दाखवा. मी बसतो."

बायको उतरली. साहेब साइडकारमध्ये बसले. बाळांच्या मापाने उंचावलेल्या गादीवर त्यांचे गुडघे हनुवटीशी आले. भाऊसाहेबांनी किकवर पाय ठेवला आणि काट्याकडे बघितलं. काटा थरथरत होता. साहेब वाट बघत होते. खिडकीतून कारकून बघत होते. भाऊसाहेब वाट बघत होते.

"काय झालं?"

"स्थिर होऊ दे."

"काय स्थिर होऊ दे?"

मागून बायको आली, त्यांचा पाय बाजूला करून तिने किक मारली आणि ती परत जाऊन भिंतीशी उभी राहिली.

अंगणाच्या मध्यभागी एक गोल चौथरा होता, त्यावर कुंड्या. त्याला डावीकडून वळसा घालून परत यायचं, एवढीच परीक्षा. भाऊसाहेबांना बाण आठवत होते. झुकायचं नाही, ओढायचं. झुकायचं नाही. त्यांनी अंग काठीसारखं ताठ ठेवलं, हँडल ओढलं, आणि गाडी वळली. खरोखर वळली! फक्त वळणं कसं थांबवायचं, याची तयारी केलेली नव्हती. पहिली फेरी पुरी झाली. साहेब म्हणाले, "छान, थांबा." दुसरी फेरी सुरू झाली. साहेबांनी फाइल छातीशी धरली. तिसऱ्या फेरीला भाऊसाहेबांनी ब्रेक लावला, गाडी उलट बाजूला फिरली, कार्यालयाच्या दारातून सरळ आत गेली आणि खिडकीपाशी, रांगेत, शेवटच्या माणसाच्या मागे थांबली.

कारकुनांनी वर बघितलं. "नंबर घेतलात का?"

साहेब बराच वेळ साइडकारमधून निघाले नाहीत. निघाले तेव्हा शर्टाला इस्त्री नव्हती. "गाडी ठीक आहे," ते धापा टाकत म्हणाले. "चालवणारा... गाडी चालवून दाखवायला हवी. कोणीही चालवा. ज्याला थांबता येतं त्याने चालवा."

भाऊसाहेबांनी कार्यालयभर नजर फिरवली. रांगेतली माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांतल्या दोघांच्या तराजूंवर त्यांनी स्वतः शिक्के मारलेले होते. मग त्यांनी आयुष्यभर जपलेली प्रतिष्ठा गोळा केली, ती फार उरलेली नव्हती, आणि हेल्मेट बायकोच्या हातात दिलं.

"साहेब, मी बसतो," भाऊसाहेब म्हणाले. "तुम्ही उभ्यानेच बघा."

साहेबांनी अतिशय कृतज्ञतेने मान डोलावली.

बायकोने वळसा घातला, गाडी थांबवली, शिक्का घेतला. गाडी भाऊसाहेबांच्या नावावर झाली. कारकुनांनी साइडकार काढायचा अर्ज पुढे सरकवला आणि म्हणाले, "भरून द्या. आता आहे, म्हणजे निघेल."

"घरी जाऊन भरतो," भाऊसाहेब म्हणाले. गाडीच्या एकुलत्या एका सीटवर बायको आधीच बसली होती. "मी नेतो आता," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण रांगेतली माणसं अजून बघतच होती. ते निमूटपणे आत बसले.

रस्त्यावर त्यांनी गुडघे पोटाशी घेतले आणि ओळखीचं कोणी दिसतंय का बघत राहिले. सगळेच ओळखीचे निघाले. किराणावाल्याने नमस्कार केला. फोटो स्टुडिओच्या दारातून ताईंनी आपलं विमान बघितलं, आणि रस्त्याच्या पलीकडे डॉक्टर एका पेशंटचं तोंड तसंच उघडं सोडून दारात आले. दोघं गाडीकडे बघत होती. मग गाडी गेली आणि दोघांना एकमेकांकडे बघावं लागलं. पुढे काय झालं ते भाऊसाहेबांना दिसलं नाही.

इमारतीच्या फाटकाशी काका टोपी घालून उभे होते. शेजारी मावशी, पिशव्यांसह. दोघांनी हात वर केला. भाऊसाहेबांनी उतरायची तयारी केली, एक पाय वर घेतला. गाडीचा वेग काही कमी झाला नाही. फाटक आलं, काका आले, मावशींचं उघडलेलं तोंड आलं आणि मागे गेलं. भाऊसाहेबांनी पाय आत घेतला, आणि कोणी बघितलं नसेल तर बरं म्हणून ते खाली सरकले. इतके, की साइडकारमधून फक्त त्यांची टाळू दिसत होती.

"घर मागे राहिलं!" ते ओरडले.

बायकोने ऐकलं नाही. ऐकू येणंच शक्य नव्हतं. भाऊसाहेबांनी आणखी एकदा ओरडून बघितलं आणि स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू आला नाही. मग ते गप्प बसले. गप्प बसल्यावर लक्षात आलं की हातांना काही काम नाही. कुठे वळायचं ते त्यांना ठरवायचं नव्हतं, कोणाला कुठे उतरवायचं ते लक्षात ठेवायचं नव्हतं. पाठ टेकायला जागा होती. त्यांनी पाय लांब केले. नाकावरचा पंखा फिरत होता, आणि त्यात काटा नसल्यामुळे त्याचं काही वाचन घ्यायचं नव्हतं.

शेवटची घरं संपली, गोदामं संपली. रेल्वेचं फाटक बंद होतं. बायकोने इंजिन बंद केलं आणि एकाएकी सगळीकडे इतकं शांत झालं की भाऊसाहेबांना कुजबुजावंसं वाटलं.

"कुठे चाललोय आपण?"

बायकोने हेल्मेटची काच वर केली. तिचा चेहरा त्यांनी बऱ्याच दिवसांत असा बघितला नव्हता. तक्रार खिडकी बंद झाल्यावर आत दिवा राहावा तसा.

"आपण नाही," ती म्हणाली. "मी एकटी चाललेय. तुम्हीही एकटे चला."

मालगाडी गेली. फाटक उघडलं. तिने काच खाली केली आणि किक मारली.